इलेक्ट्रॉनिक इग्निशनवरचा आळ

जुन्या मोटारींची निगा राखणाऱ्या मंडळींत एक वाक्य अलीकडे इतक्या वेळा आणि इतक्या खात्रीने कानी पडते, की त्याची एकदा नीट शहानिशा करणे भाग आहे. ‘इलेक्ट्रॉनिक बसवले आणि गाडी वाटेत बंद पडली, त्यापेक्षा प्लॅटिनमच बरे होते.’ असे म्हणून पद्मिनीच्या किंवा ॲम्बॅसडरच्या डेल्कोतला, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधला, इलेक्ट्रॉनिक संच काढून टाकला जातो, जुने पॉइंट (मेकॅनिकच्या बोलीत प्लॅटिनम) आणि कंडेन्सर पूर्ववत बसवले जातात, गाडी सुरू होते. आणि ती सुरू झाली एवढ्या एकाच पुराव्यावर, संच सदोष होता असा निकाल कायमचा नोंदवला जातो. हा निकाल बहुधा चुकीचा असतो. त्याहून वाईट हे, की ज्या बिघाडामुळे संच बंद पडला तो बिघाड गाडीत जसाच्या तसा मुक्काम करून राहतो.

वस्तुस्थिती समजण्यासाठी मूळ व्यवस्था ध्यानात घ्यावी. चार्ल्स केटरिंग यांनी सिद्ध केलेल्या आणि १९१० च्या कॅडिलॅक गाड्यांत आलेल्या या पद्धतीत बॅटरीचा प्रवाह कॉईलच्या प्राथमिक वेटोळ्यातून वाहतो, पॉइंट उघडताच तो तुटतो, आणि तुटण्याच्या त्या क्षणी दुय्यम वेटोळ्यात हजारो व्होल्टचा दाब उत्पन्न होऊन प्लगमध्ये ठिणगी पडते. इलेक्ट्रॉनिक संच यातले केवळ प्रवाह तोडण्याचे काम आपल्याकडे घेतो; पॉइंटच्या जागी चुंबकाचे कडे, त्याची चाहूल घेणारा संवेदक आणि एक ट्रान्झिस्टर येतो. कॉईल, किल्लीचा स्विच, कॅप, रोटर आणि चाळीस-पन्नास वर्षांच्या तारा मात्र त्याच राहतात. आता पॉइंट हे धातूचे साधे टोक आहे. उघडमीट करण्यासाठी त्याला स्वतःला विजेची गरज नाही, कॅमने ढकलले की ते उघडते, मग तारेत बारा व्होल्ट असोत वा सात. ठिणगी क्षीण पडेल, गाडी थोडी मिस मारेल, पण चालेल. संवेदकाला मात्र स्वतः जागे राहण्यासाठी ठराविक दाब अखंड लागतो. तो मिळाला नाही की ठिणगी क्षीण होत नाही, सर्वस्वी थांबते. पॉइंटने जे वर्षानुवर्षे निमूट सोसले, तेच संच सोसत नाही, एवढाच या तथाकथित बेभरवशाचा अर्थ आहे.

एक उदाहरण जवळून पाहू. अनेक जुन्या गाड्यांत कॉईलच्या अलीकडे बॅलास्ट रेझिस्टर असतो: पांढऱ्या चिनी मातीच्या कांडीत बसवलेला, सुमारे दीड ओहमचा. कॉईलही दीड ओहमची. संच बसवणारा सोय पाहून संचाची लाल तार कॉईलच्या धन टोकाला जोडतो. आणि कॉईलमधून प्रवाह वाहू लागताच निम्मा दाब रेझिस्टरवरच खर्च होऊन त्या टोकावर बारा व्होल्टचे सहा उरतात. स्टार्टर फिरत असताना रेझिस्टरला वळसा घालणारी वेगळी तार कॉईलला बॅटरीचा पूर्ण दाब देत असते, म्हणून इंजिन पेट घेते आणि किल्ली सोडताच मरते. ‘स्टार्ट होते पण धरत नाही’ ही तक्रार ऐकली, की संचाला दोष देण्यापूर्वी रेझिस्टर तुटलेला नाही ना हे पाहावे आणि लाल तार त्याच्या अलीकडे, थेट स्विचकडच्या बाजूला न्यावी. दहा मिनिटांचे हे काम न करता नवा संच विकत आणणाऱ्यांचे मला मनापासून वाईट वाटते.

याच्या उलट चूकही तितकीच घातक. ‘जोरदार’ ठिणगीच्या हौसेने दीड ओहमची कॉईल रेझिस्टरशिवाय लावली, तर तीन ओहमच्या कॉईलमधून जाणाऱ्या चार अँपिअरऐवजी आठ अँपिअर ट्रान्झिस्टरमधून जातात आणि तो तापून जळतो. ज्यांना हे पटत नाही त्यांनी पर्ट्रॉनिक्स कंपनीच्या मूळ इग्नायटर संचाचे सूचनापत्रक उघडून पाहावे; चार व सहा सिलिंडरच्या इंजिनांसाठी किमान तीन ओहमची प्राथमिक बाजू त्यात मुक्रर केलेली आहे. इंजिन बंद ठेवून किल्ली चालू सोडली तरी, साध्या संचांत, हीच उष्णता साचत राहते.

तिसरे कारण अर्थिंगचे. डेल्कोतली तबकडी व्हॅक्युमबरोबर हलते आणि तिच्यापासून बाहेरच्या घरापर्यंत एक बारीक विणलेली तार असते. ती आतून तुटली, की गाडी खड्ड्यागणिक दगा देते. हौसेने इंजिनला नवा रंग काढणारे तर डेल्कोच्या बैठकीवरही रंग चढवतात आणि विजेची परतीची वाट स्वतःच्या हाताने बंद करतात.

तेव्हा फर्मान काढण्याआधी मल्टिमीटर हाती घ्यावा. इंजिन चालू असताना बॅटरीचे धन टोक आणि संचाची लाल तार यांच्यामध्ये अर्ध्या व्होल्टहून अधिक फरक दिसला, तर स्विच, फ्यूज व जोडण्या क्रमाने तपासाव्यात. मग बॅटरीचे ऋण टोक आणि डेल्कोची आतली तबकडी यांच्यामध्येही तसेच मोजावे. पॉइंट परत बसवताना मेकॅनिकचा हात याच जोडण्यांवरून फिरतो, गंजलेले टोक घासले जाते, ढिला नट आवळला जातो, आणि दुरुस्तीचे श्रेय प्लॅटिनमला मिळते.

गाडी तापल्यावर बंद पडते आणि थंड झाल्यावर चालते, तेव्हाही संचच दोषी ठरतो. मे महिन्यात कसारा घाट चढताना पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा तुटतो तेव्हाही लक्षण हेच असते, आणि कॉईल आतून तापली तरी हेच. बंद पडताक्षणी जादा प्लग इंजिनच्या उघड्या धातूला टेकवून ठिणगी पाहावी. ठिणगी चांगली असेल, तर डेल्कोचे झाकण काढण्याचे कारणच उरत नाही.

बाकीचे समज थोडक्यात. संचाने इंजिनची ताकद वाढते, हे खोटे; नीट लावलेले नवे पॉइंटही तेवढेच देतात, फक्त ते झिजतात आणि संच झिजत नाही. इलेक्ट्रॉनिक इग्निशन हे नवे खूळ आहे, हेही खोटे. क्रायस्लरने अमेरिकेतल्या आपल्या सर्व गाड्यांना १९७३ च्या मॉडेलपासून ते सरसकट दिले. जुन्या ब्रिटिश गाडीला कोणताही संच चालतो, हे तर महागात पडणारे. त्यांतल्या अनेकींत धन टोक अर्थिंगला असे (एमजीबीत ते १९६७ च्या अखेरीस बदलले), आणि तारा उलट जोडल्या की संच क्षणात जातो. शुद्ध तांब्याच्या प्लगतारा उत्तम, हे पॉइंटपुरते ठीक. संचाला त्यांतून उठणारा विद्युत्-गोंगाट सोसत नाही, रोधक असलेल्या तारा घ्याव्यात. चालत्या इंजिनाची प्लगतार उपटून ठिणगी पाहण्याची सवय मात्र सर्वांनीच सोडावी. बाहेर पडायला वाट नसलेला तो दाब कॉईलचे आवरण नाहीतर ट्रान्झिस्टर फोडून वाट काढतो. आणि संच बसवल्यावर टायमिंगला हात लावावा लागत नाही असे सांगणाऱ्याकडून संच बसवूच नये. प्रवाह तुटण्याचा क्षण बदललेला असतो, तो दिव्याखाली पाहून पुन्हा लावावाच लागतो.