दोघांत एक टॉलस्टॉय

१८७९ साली ‘वॉर अँड पीस’चा फ्रेंच अनुवाद तीन खंडांत निघाला. फ्रान्समध्ये राहणाऱ्या इव्हान तुर्गेनेव्हनं तो आपला मित्र गुस्ताव्ह फ्लॉबेर याच्याकडे पाठवून दिला. फ्लॉबेरचं उत्तर आलं जानेवारी १८८० मध्ये. पहिले दोन खंड वाचताना तो कौतुकानं अक्षरशः ओरडला होता. तिसऱ्या खंडात मात्र लेखक भयंकर घसरतो, तेच तेच सांगतो आणि तत्त्वज्ञान झोडत बसतो, अशी त्याची तक्रार होती. गंमत म्हणजे हीच कादंबरी मासिकात येऊ लागली, तेव्हा तुर्गेनेव्हनंही नाक मुरडलं होतं. शिवाय १८६१ मध्ये त्याचं आणि टॉलस्टॉयचं भांडण द्वंद्वयुद्धाच्या आव्हानापर्यंत गेलं होतं. समेट व्हायला १८७८ उजाडलं. तरीही पॅरिसमधल्या लेखक-समीक्षकांच्या हाती या अनुवादाच्या प्रती पोचवायचं काम त्यानंच अंगावर घेतलं. पुस्तक आवडलं की आपण एकटे राहू शकत नाही, आणि अर्धंच आवडलं तर मुळीच नाही.

मोठ्या कादंबऱ्यांबद्दल आपल्या मनात एक चित्र पक्कं बसलेलं असतं: आरामखुर्ची, एकांत, सलग सुट्टी. तशी सुट्टी मिळत नाही, म्हणून पुस्तक कपाटात राहतं. पण या कादंबऱ्या ज्या काळात लिहिल्या गेल्या त्या काळात त्यांतल्या कितीतरी कुणी सलग वाचूच शकत नव्हतं. टॉलस्टॉयच्या या कादंबरीचा सुरुवातीचा भाग ‘१८०५’ या नावानं ‘रूस्की वेस्तनिक’ या मासिकात १८६५ पासून आला. १८६६ साली त्याच मासिकात दस्तयेव्हस्कीची ‘क्राइम अँड पनिशमेंट’ही चालू होती. एका वर्गणीत दोन्ही! पुढे टॉलस्टॉयनं मासिकातलं प्रकाशन थांबवलं आणि १८६८-६९ मध्ये सहा खंडांचं पुस्तक काढलं. म्हणजे पहिल्या वाचकांना शेवट कळायला चारेक वर्षं लागली. आपल्याकडे हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशः आली, तेव्हा तिच्या वाचकांनाही यमूच्या नशिबात पुढे काय आहे याची वाट पाहावी लागलीच.

दोन अंकांमधला तो काळ फुकट जात नसे. त्यात तर्क लढवले जात, पात्रांना शिव्या घातल्या जात, मागचं आठवून पाहिलं जाई. एकगठ्ठा छापलेल्या बाराशे पानांच्या आवृत्तीत हा मोकळा काळ नाहीसा झाला. सोबत वाचणारा नेमका तोच परत देतो, कारण तो तुम्हाला थांबायला लावतो. बरोबर कुणी असलं की वाचनाला शिस्त लागते, असं लोक म्हणतात. लागते, पण माझ्या मते तो फायदा दुय्यम आहे. शिस्त काय, गजर लावूनही येते.

थांबायचं कुठे, हे मात्र आधी ठरवावं लागतं. गुरुचरित्राच्या सप्ताहात कोणत्या दिवशी कितव्या अध्यायापर्यंत जायचं हे ठरलेलं असतं, तसं. ‘वॉर अँड पीस’ची प्रकरणं छोटी आहेत, बरीचशी चार-पाच पानांची, आणि प्रचलित मांडणीत ती ३६१ भरतात. त्यामुळे रोज एक प्रकरण वाचून वर्षात पुस्तक संपवण्याची रीत जगभर लोकप्रिय आहे. मला ती फार पटत नाही. रोज एकेक प्रकरण म्हणजे औषधाचा डोस होतो. लढाईच्या मध्यावर पुस्तक मिटावं लागतं. माझी आणि माझ्या मैत्रिणीची पद्धत आठवड्याला एक तुकडा ठरवायची आणि रविवारी सकाळी फोनवर बोलायची आहे. याहून संथ जाणारेही आहेत. लॉस एंजेलिसच्या व्हेनिस भागातल्या एका गटानं जेम्स जॉइसची ‘फिनेगन्स वेक’ १९९५ मध्ये वाचायला घेतली आणि २०२३ मध्ये संपवली. महिन्याला एखाद-दुसरं पान! त्या कादंबरीचं शेवटचं वाक्य अर्ध्यावर तुटून पहिल्या पानावरच्या अर्ध्या वाक्याला जाऊन मिळतं, तेव्हा मंडळींनी पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात केली.

दोघांकडे वेगवेगळ्या आवृत्त्या असतील तर पान क्रमांकांवर भरवसा ठेवू नये. प्रकरण क्रमांकांवरही डोळे मिटून ठेवू नये. रशियन परंपरेत कादंबरीचे चार खंड आणि उपसंहार आहेत, तर लुईझ आणि एल्मर मॉड या दांपत्याच्या इंग्रजी अनुवादात पंधरा भाग आणि दोन उपसंहार. ‘तिसऱ्या भागात भेटू’ म्हणालात की एक जण ऑस्टर्लिट्झच्या रणांगणावर १८०५ मध्ये आणि दुसरा थेट १८१२ मध्ये, अशी चुकामूक होते. प्रसंगाच्या नावानंच बोलावं: लांडग्याची शिकार, बोरोदिनो, मॉस्कोची आग.

नावांनी बहुतेकांचा धीर पहिल्या शंभर पानांत सुटतो. नताशा हीच नताल्या इल्यिनिच्ना, हीच फ्रेंच थाटात नाताली. पियरचं खरं नाव प्योत्र किरिलोविच. यावर दोघांना सोपा तोडगा आहे: घराणी वाटून घ्यायची. एकानं रोस्तोव्ह सांभाळायचे, दुसऱ्यानं बोल्कोन्स्की. कुरागिन मंडळींवर दोघांनी नजर ठेवायची, कारण ती कुठेही घुसतात. वाटणीचा एक अनपेक्षित परिणाम असा, की आपण आपापल्या घराण्याचे वकील होऊन बसतो. आंद्रेई बोल्कोन्स्कीशी लग्न ठरलेलं असताना नताशा अनातोल कुरागिनबरोबर पळून जायला निघते, तिथे आमचा रविवार दुपारपर्यंत लांबला. मैत्रिणीचं म्हणणं, सगळा दोष लग्न लांबवायला लावणाऱ्या आंद्रेईच्या बापाचा, म्हाताऱ्या बोल्कोन्स्कीचा. ऐन विशीच्या उंबरठ्यावरच्या मुलीला वर्षभर ताटकळत ठेवतं का कुणी? माझ्या वाट्याला बोल्कोन्स्की आलेले. त्या थेरड्याची बाजू घेता घेता मला तो पहिल्यांदा नीट दिसला: स्वतःच्या मुलीवर जीव असलेला आणि त्यापायीच तिला रोज छळणारा. एकटीनं वाचताना मी त्याला खलपुरुषांच्या रांगेत उभा करून पुढे गेले असते.

आता फ्लॉबेरची तक्रार. उत्तरार्धात टॉलस्टॉय कथा थांबवून इतिहास कोण घडवतो यावर बोलायला लागतो, आणि बोलतच राहतो. इथे दोघांपैकी एकाला हमखास पानं उलटायची असतात. त्याला खुद्द लेखकाचा आधार आहे: १८७३ च्या आवृत्तीत टॉलस्टॉयनं यांतले बरेच भाग कथेतून उचलून शेवटी नेऊन ठेवले होते आणि फ्रेंच संवादही रशियनमध्ये आणले होते. पुढच्या आवृत्त्यांत ते पुन्हा जागच्या जागी आले. तेव्हा ज्याला कंटाळा येतो त्यानं ते सोडावेत, दुसऱ्यानं वाचून पाच मिनिटांत सांगावेत. ही पळवाट एकट्या वाचकाला नाही. सांगणाऱ्याला मात्र तो युक्तिवाद खरोखर समजून घ्यावा लागतो. नेपोलियन हुकूम देतो म्हणून लढाई घडत नाही, हे टॉलस्टॉयचं म्हणणं दुसऱ्याला पटवताना उदाहरण बोरोदिनोचंच घ्यावं लागतं, आणि मग लक्षात येतं की ते चित्रण त्यानं याच सिद्धांतावर बेतलं आहे. सोडलेली पानं मैत्रिणीनं नंतर गुपचूप वाचली. दुसरा उपसंहार मात्र तिनं साफ नाकारला. त्यात पात्रं नाहीतच, त्यामुळे मीही आग्रह धरला नाही.

सोबती निवडताना आपल्यापेक्षा जास्त वाचलेला माणूस टाळावा. तो शिकवायला लागतो. पुढे पळून शेवट सांगणाराही नको. मतं ठाम असलेला, पण आठवडाभर तोंड मिटून बसू शकणारा हवा. नवरा-बायकोंनी हा प्रयोग करावा की नाही यावर मी मत देणार नाही.

आमचं पुढचं पुस्तक ठरलं आहे: जॉर्ज एलियटची ‘मिडलमार्च’. ती डिसेंबर १८७१ पासून आठ भागांत निघाली. कल्पना तिचा जोडीदार जॉर्ज हेन्री लुईस याची. पहिले सहा भाग दोन-दोन महिन्यांनी आले, शेवटचे दोन महिन्या-महिन्यानं, आणि डिसेंबर १८७२ मध्ये ती पुरी झाली. त्याच वेळापत्रकानं वाचायची असं ठरवलंय. दोन महिने पुढचं पान उघडायचं नाही, ही अट मैत्रिणीनं घातली आहे आणि ती पाळली जाणार नाही असं तिलाच वाटतं. पहिला भाग येत्या डिसेंबरात.