कोडची सूची: सीटॅग्जबद्दलचे काही गैरसमज

वालूरसारख्या गावातून परभणीला किंवा नांदेडला संगणक शिकायला गेलेल्या मुलांना सुरुवातीला स्वतःचेच छोटे प्रोग्रॅम हाताळायचे असतात. खरी कसोटी लागते ती दुसऱ्यांनी लिहिलेला कोड वाचताना. फायली हजारो, आणि समोरच्या ओळीतलं फंक्शन मुळात कुठे लिहिलंय हेच सापडत नाही. सीटॅग्ज ही टर्मिनलवर चालणारी कमांड नेमकी ह्यासाठी आहे.

‘हे तर ग्रेपनेही होतं,’ असं सर्रास ऐकू येतं. ग्रेप हा शब्द शोधणारा प्रोग्रॅम मात्र दिलेला शब्द असलेली प्रत्येक ओळ समोर आणतो, मग ती कॉमेंट का असेना. सीटॅग्ज फंक्शन, क्लास, मॅक्रो यांच्या डेफिनिशन तेवढ्या वेचून ‘टॅग्ज’ नावाच्या साध्या फाइलमध्ये वर्णक्रमाने लिहितं. मग विम या एडिटरमध्ये नावावर कर्सर ठेवून कंट्रोल आणि उजवा चौकोनी कंस दाबला की थेट डेफिनिशन, कंट्रोल-टीने परत.

दुसरा समज फार घट्ट रुजलेला आहे: कोडमध्ये दोन ओळी घातल्या की सूची बाद. तसं होत नाही. बहुतेक नोंदींत नाव आणि फाइल यांच्यासोबत डेफिनिशनच्या ओळीचा मजकूरच शोधखूण म्हणून ठेवलेला असतो. फंक्शन चाळिसाव्या ओळीवरून नव्वदाव्या ओळीवर सरकलं, तरी एडिटर तो मजकूर शोधून तिथे पोहोचतो. पण नवं फंक्शन लिहिलं, नाव बदललं किंवा फाइल हलवली, तर सगळ्या उपफोल्डरांसह सूची बनवणारं ‘सीटॅग्ज -आर’ पुन्हा चालवावंच लागतं. मॅकवर आधीपासून असलेल्या जुन्या सीटॅग्जला हा ‘-आर’ कळत नाही. तिथे युनिव्हर्सल सीटॅग्ज हा नवा अवतार वेगळा बसवावा.

हे अवजार फक्त सी भाषेपुरतं, असंही मानतात. केन अरनॉल्ड यांनी ते बर्कलीत लिहिलं आणि १९७९च्या थ्रीबीएसडी या युनिक्सच्या आवृत्तीत ते आलं. त्यात फोरट्रान आणि पास्कलचीही सोय झाली. डॅरेन हीबर्ट यांच्या एग्झुबरंट सीटॅग्ज या अवताराची शेवटची आवृत्ती २००९ची, म्हणून ते संपलं असा निष्कर्ष काढला जातो. पण युनिव्हर्सल सीटॅग्ज त्यातूनच पुढे निघालं. आज त्यात पायथॉन, जावा, पीएचपी धरून शंभराहून अधिक भाषा आहेत.

मात्र सीटॅग्जकडून कंपायलरच्या कामाची अपेक्षा ठेवू नये. शं. ग. दाते यांच्या मराठी ग्रंथसूचीत ग्रंथाची नोंद मिळते, तो पुढे कुणी कुठे उद्धृत केला हे मिळत नाही; तसंच इथे. फंक्शन कोण वापरतं ते पाहायला सीस्कोप घ्यावा. एकाच नावाच्या अनेक डेफिनिशन असतील तर त्यातली नेमकी कोणती लागू पडते तेही सीटॅग्ज ठरवत नाही. लिनक्स कर्नलमध्ये हे पदोपदी दिसतं, कारण एकच फंक्शन वेगवेगळ्या प्रोसेसरांसाठी वेगवेगळं लिहिलेलं असतं. विममध्ये ‘जी’ आणि मग उजवा चौकोनी कंस दाबला की सगळे पर्याय समोर येतात, निवड वाचणाऱ्याने करायची. कर्नलची सूची बनवायला त्याच्या फोल्डरमध्ये ‘मेक टॅग्ज’ एवढंच लिहायचं. कोड एकदा उतरवून घेतला की इंटरनेट लागत नाही, आणि जुना लॅपटॉपही चालतो.