तळ्याचे बारा महिने

तळ्याकाठचे पक्षी, बेडूक, चतुर यांची छायाचित्रे काढण्याचा छंद आता शाळांतूनही रुजू लागला आहे. मोबाइल हाती आल्यापासून कॅमेऱ्याची अडचण उरलेली नाही. मात्र छायाचित्र देखणे असणे आणि ते अभ्यासाला उपयोगी पडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उडत्या बगळ्याचे सुरेख चित्र वर्गाच्या भिंतीवर शोभून दिसते. पण ते कोठे, कोणत्या दिवशी आणि किती वाजता काढले हे ठाऊक नसेल, तर त्यावरून तळ्याविषयी फारसे काही कळत नाही. उलट एकाच जागेवरून, ठरलेल्या तारखांना वर्षभर काढलेली चोवीस साधी छायाचित्रे तळ्याचा इतिहास सांगू लागतात.

उदाहरणादाखल पाझर तलाव घेऊ. पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील शिरूर, दौंड, बारामती हा भाग पर्जन्यछायेचा. १९७२च्या दुष्काळात महाराष्ट्रात दुष्काळी कामे निघाली आणि त्यांतून ठिकठिकाणी पाझर तलाव झाले. पाणी धरून ठेवणे हे या तलावाचे काम नव्हे, ते जमिनीत मुरवणे हे त्याचे काम. म्हणून उन्हाळ्यात तो आटतो. त्याच्या खालच्या अंगाच्या विहिरींना मात्र त्या मुरलेल्या पाण्याचा आधार मिळतो. तलावाच्या या भरण्या-आटण्यावरच तेथील जीवसृष्टीचे वेळापत्रक बसलेले असते.

ऋतूप्रमाणे पाहुणे

मृगाच्या सरी कोसळल्या की जमिनीत दडून राहिलेले मोठे बेडूक बाहेर पडतात. विणीच्या काळात या नरांचा रंग लिंबासारखा पिवळाधमक होतो आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळे स्वरकोश फुगतात. हा रंग थोडे दिवसच टिकतो. पुढे काठच्या उथळ पाण्यात अंडी व बेडूकमासे दिसू लागतात. याच सुमारास ढोकरीच्या पाठीवर गर्द तांबूस पिसे येतात आणि गायबगळ्याचे डोके व मान नारिंगी होते. हिवाळ्यात ढोकरी पुन्हा मातकट, रेघारेघांची दिसते व गायबगळा पांढराशुभ्र होतो. सुटी छायाचित्रे पाहणारा विद्यार्थी हे चार पक्षी मानील. वर्षाची मालिका समोर असेल तर ते दोनच आहेत हे त्याचे त्यालाच उमगेल.

पाऊस ओसरताना पिवळसर चतुरांचे थवे घिरट्या घालतात. त्यांचे शास्त्रीय नाव पँटाला फ्लेव्हेसेन्स. त्यांच्या डिंभांची वाढ झपाट्याने होते, म्हणून लवकर आटणारे पाणीही त्यांना पुरते. हे चतुर भारतातून मालदीवमार्गे समुद्र ओलांडून पूर्व आफ्रिकेकडे जात असावेत, असे चार्ल्स अँडरसन यांनी २००९ मध्ये मांडले.

थंडीत धोबी, तुतवार, थापट्या बदक, चक्रवाक असे उत्तरेकडचे पाहुणे येतात. पाणी हटत जाते तसा चिखलाचा उथळ काठ उघडा पडतो आणि शेकाट्यासारख्या लांब पायांच्या पक्ष्यांना भक्ष्य मिळते. उन्हाळ्यात तळ भेगाळतो. तलाव मेला असे वाटते, पण तसे नसते. काही गोगलगायी शिंपल्याचे झाकण घट्ट लावून चिखलात पडून असतात, बेडूक मातीखाली असतात आणि उघड्या खडकाळ जमिनीवर टिटवी अंडी घालते.

नोंद कशी करावी

काठावरची एक खूण कायमची ठरवावी. सांडव्याची भिंत किंवा मोठा खडक चालेल. दर महिन्याच्या १ व १५ तारखेला, सकाळी ठरलेल्या वेळी तेथे उभे राहून एकच दृश्य टिपावे. शक्यतो पूर्वेचा काठ निवडावा, म्हणजे सकाळी सूर्य पाठीशी राहतो. दुसरे छायाचित्र पाण्याच्या कडेचे, न हलणाऱ्या खुणेसह असावे. तिसरे, त्या दिवशी जे जे दिसेल त्याचे. काहीच दिसले नाही तर वहीत तसे लिहावे. धोबी केव्हा आला हे सांगायचे असेल, तर आदल्या फेरीत तो नव्हता हे आपल्याजवळ लिहिलेले हवे.

तारीख व वेळ मोबाइल चित्रासोबतच साठवतो. संदेशाच्या ॲपवरून चित्र पाठवले तर ही माहिती बहुधा गळते व चित्रही लहान होते. म्हणून मूळ चित्र संगणकावर जपून ठेवावे.

मोबाइलची मर्यादा विद्यार्थ्यांकडून गणिताने काढून घेता येते. सर्वसाधारण मोबाइलच्या मुख्य भिंगातून ३० मीटरवरचे सुमारे ४० मीटर रुंदीचे दृश्य दिसते. चित्राच्या रुंदीत ४००० ठिपके धरले, तर एका ठिपक्याच्या वाट्याला १ सेंटिमीटर येतो. म्हणजे १८ सेंटिमीटरचा धोबी अवघ्या १८ ठिपक्यांत मावतो! तो ओळखता येणार नाही. म्हणून मोबाइल दृश्य, पाऊलखुणा, चतुर व बेडकाची अंडी यांसाठी वापरावा. दूरच्या पक्ष्यांसाठी दुर्बीण आणि वही बरी.

किती जवळ जावे?

टिटवीची अंडी खड्यांसारखी दिसतात. आपण जवळ गेलो की ती उठते आणि ओरडत घिरट्या घालते. भर उन्हात ती जितका वेळ दूर राहील तितकी अंडी तापत जातात. चित्रासाठी दहा मिनिटे थांबण्याची किंमत आतल्या पिल्लाला मोजावी लागू शकते. तेव्हा टिटवी ओरडू लागली की आल्या वाटेने मागे फिरावे आणि घरट्याची जागा कोणालाही कळवू नये. मुलांना पाण्यात वा ओल्या गाळात उतरू देऊ नये, हे वेगळे सांगायला नको.

हे काम शाळेचेच का?

एका वर्षी पाहुणे पक्षी आठवडाभर उशिरा आले, एवढ्यावरून हवामान बदलले असे म्हणता येत नाही. त्यासाठी निदान दहा-पंधरा वर्षांच्या नोंदी लागतात. आम्हा संशोधकांचे प्रकल्प बहुधा तीन वर्षांत संपतात आणि आम्ही दुसऱ्या गावी निघून जातो. शाळा गावातच असते. मुलांची तुकडी बदलली तरी सांडव्याची भिंत तीच राहते. १९८७ पासून दर जानेवारीत होणारी आशियाई पाणपक्षी गणनाही अशाच नेमाने जाणाऱ्या हौशी निरीक्षकांवर चालते.

या नोंदींचा गावालाही उपयोग आहे. गाळ काढताना काठ सरळ कापले गेले, तर उथळ पाण्यात चरणाऱ्या पक्ष्यांची जागा जाते. आटलेला तलाव पडीक समजून त्यात भर टाकली जाते. अशा वेळी पाणी कोठवर येत होते आणि तेथे कोण राहत होते, हे दाखवायला तारखेची छायाचित्रे लागतात. नुसत्या आठवणी पुरत नाहीत. सुरुवातीसाठी पावसाची वाट पाहायला नको. येत्या १ तारखेला तळ कोरडा असला तर कोरड्या तळाचेच छायाचित्र घ्यावे. पुढची सगळी चित्रे त्याच्याशीच ताडून पाहायची आहेत.