धोंड, प्रल्हाद अनंत
(१९०८–२००१). कोकणच्या सागरदृश्यांसाठी ख्याती पावलेले मराठी चित्रकार, कलाशिक्षक व लेखक. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट या संस्थेत त्यांनी अध्यापन केले व पुढे ते तिचे अधिष्ठाता झाले. समुद्र, खाडी, पुळण, होड्या व पावसाळी आभाळ हे त्यांच्या चित्रांचे प्रमुख विषय असून पारदर्शक जलरंग हे त्यांचे आवडते माध्यम होते.

सागरकिनारा हा चित्रकाराच्या दृष्टीने अस्थिर विषय होय. कोकणात सुमारे २४ तास ५० मिनिटांत दोनदा भरती व दोनदा ओहोटी येते. रायगड जिल्ह्यात राजपुरी खाडीवर वसलेल्या आगरदांड्यासारख्या ठिकाणी हा पालट ठळकपणे दिसतो. भरतीच्या वेळी तिवरांच्या मुळांपर्यंत पाणी चढते. ओहोटीस चिखलाणी उघडी पडतात आणि त्यांवर बगळे व हिवाळ्यात स्थलांतरित पाणपक्षी भक्ष्य टिपू लागतात. पाण्याची मर्यादा, चिखलाची चकाकी व आकाशाचे प्रतिबिंब ही सर्व काही तासांत बदलतात.

अशा विषयास जलरंग अनुरूप ठरतो. त्यात पांढरा रंग सहसा वापरीत नाहीत. कागदाचा कोरा भाग हाच प्रकाश असतो. लाटेचा फेस किंवा पाण्यावरील उन्हाची तिरीप दाखवावयाची, तर ती जागा आधीच मोकळी राखावी लागते. ओल्या कागदावर रंग परस्परांत मिसळून क्षितिज धूसर होते, तर कोरडा कुंचला ओढल्यास पाण्याची चमक साधते. एकदा गडद झालेला भाग पूर्ववत उजळ करणे कठीण असल्याने निरीक्षण व निर्णय कुंचला टेकविण्यापूर्वीच पुरे व्हावे लागतात. मोजक्या फटकाऱ्यांत समुद्राचा भाव पकडण्याचे धोंड यांचे कौशल्य या शिस्तीतून आले. त्यांच्या चित्रांतील सहजता ही दीर्घ परिचयाची निष्पत्ती आहे.

पश्चिम भारतातील निसर्गाच्या चित्रणाची याहून वेगळी परंपराही आहे. ईस्ट इंडिया कंपनीचा नोकर जेम्स फोर्ब्स (१७४९–१८१९) याने येथील पक्षी, मासे व वनस्पती बारकाईने रेखाटल्या. त्यांतील काही चित्रे त्याच्या ओरिएंटल मेम्वार्स (१८१३) या ग्रंथात आली. तेथे प्रत्येक जीव ओळखता यावा, हा हेतू होता. धोंड यांचे उद्दिष्ट प्राणिजातींची नोंद हे नव्हते. जीवसृष्टी ज्या प्रकाशात व हवेत वावरते, ते वातावरण त्यांनी रंगविले.

त्यांच्या आत्मकथनाचे रापण (१९७९) हे नाव किनाऱ्यावरील मासेमारीवरून आले आहे. या पद्धतीत जाळ्याचे एक टोक काठावर ठेवून होडीने ते अर्धवर्तुळाकार पसरतात व दोन्ही टोके अनेकजण मिळून ओढतात. जे सापडेल ते वाटून घेतात. यांत्रिक नौकांच्या प्रसारानंतर ही पद्धत आक्रसत गेली. किनाराही पालटला, राजपुरी खाडीच्या मुखाशी दिघी येथे एकविसाव्या शतकात आधुनिक बंदर उभे राहिले. त्यामुळे धोंड यांच्या सागरचित्रांना कलामूल्याखेरीज स्मृतिमूल्यही प्राप्त झाले आहे. कोणता पक्षी तेथे होता, हे ती सांगत नाहीत. परंतु वर्दळीपूर्वीचा किनारा कसा भासत असे, याची प्रचिती ती देतात.