ब्रिज : अडतीस शब्दांची भाषा

पत्ते म्हणजे रिकामपणाचा उद्योग आणि जुगाराची पहिली पायरी, अशी आपल्या समाजाची जुनी समजूत आहे. ती सर्वस्वी निराधार आहे असेही म्हणता येणार नाही. पारावर किंवा बाजारपेठेतील एखाद्या मागच्या खोलीत रंगणारा तीन पत्तीचा डाव आणि त्यापायी उद्ध्वस्त झालेली घरे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना पत्त्यांविषयी आदर वाटावा तरी कसा? तथापि त्याच बावन्न पानांनी खेळला जाणारा एक खेळ असा आहे की, त्याच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भरतात आणि त्याच्या जागतिक महासंघाला आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीची मान्यता आहे. २०१८ साली जकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धेत या खेळाचा प्रथमच समावेश झाला, तेव्हा पुरुषांच्या जोडी स्पर्धेचे सुवर्णपदक साठ वर्षांचे प्रणब बर्धन आणि छप्पन्न वर्षांचे शिवनाथ सरकार या भारतीय जोडीने मिळविले. हा खेळ म्हणजे ब्रिज.

ज्यांना मेंढीकोट खेळता येतो, त्यांना ब्रिजची निम्मी घडण आधीच ठाऊक असते. चार खेळाडू, समोरासमोर बसलेले भिडू, प्रत्येकाला तेरा पाने, उतारीच्या रंगाचे पान देण्याची सक्ती आणि ते नसल्यास हुकमाने कापण्याची मुभा, हे सारे येथेही आहे. निराळेपण आहे ते बोलीत. पाने वाटून झाल्यावर, आपण व आपला भिडू मिळून तेरांपैकी किती हात करू आणि हुकूम कोणता असावा, याचा लिलाव होतो. पहिल्या पायरीची बोली म्हणजे सात हातांचे आश्वासन, सातव्या पायरीची म्हणजे तेराही हातांचे. प्रत्येक पायरीवर किल्वर, चौकट, बदाम, इस्पिक आणि बिनहुकमी असा चढता क्रम असतो. लिलाव जिंकणाऱ्या खेळाडूच्या भिडूची पाने पहिल्या उतारीनंतर टेबलावर उघडी मांडली जातात. या उघड्या पानांना ‘डमी’ म्हणतात. आश्वासन पुरे झाले तर गुण, न झाल्यास दंड. व्हिस्ट या जुन्या इंग्रजी खेळातून ऑक्शन ब्रिज निर्माण झाला आणि १९२५ साली हॅरॉल्ड व्हँडरबिल्ट या अमेरिकी गृहस्थाने पनामा कालव्यातून जाणाऱ्या जहाजावर त्याची गुणपद्धती सुधारून आजच्या काँट्रॅक्ट ब्रिजला रूप दिले.

नशिबाचे काय?

पाने कशी येतील हे कोणाच्याच हाती नसते. एका खेळाडूला मिळू शकणाऱ्या तेरा पानांचे निरनिराळे संच ६३,५०१ कोटींहून अधिक आहेत. मग ज्याच्याकडे एक्के-राजे आले तो जिंकला, यात कौशल्य कोणते, ही शंका रास्त आहे. स्पर्धात्मक ब्रिजने या शंकेला दिलेले उत्तर अतिशय साधे आहे आणि या खेळाची सारी प्रतिष्ठा त्यावर उभी आहे.

सांघिक सामन्यात दोन टेबले मांडतात. पहिल्या टेबलावर आपल्या संघाची जोडी उत्तर-दक्षिण दिशांना बसते, तर दुसऱ्या टेबलावर आपलीच दुसरी जोडी पूर्व-पश्चिम दिशांना. पहिल्या टेबलावर खेळून झालेली पाने चार खणांच्या एका पेटीत, ज्याची त्याच्या खणात, ठेवून ती पेटी दुसऱ्या टेबलावर नेतात. म्हणजे जी उत्तम पाने येथे आपल्याला मिळाली, तीच तेथे प्रतिस्पर्ध्यांच्या हाती असतात. समजा, आपल्या जोडीने चार इस्पिकांची बोली करून दहा हात केले आणि ४२० गुण मिळविले. दुसऱ्या टेबलावर प्रतिस्पर्धी जोडी दोन इस्पिकांवरच थांबली. तिनेही दहाच हात केले, पण आश्वासन लहान असल्याने तिला १७० गुण मिळाले. फरक २५० गुणांचा, आणि ठरलेल्या कोष्टकानुसार त्याचे सहा सामनागुण आपल्या संघाला मिळतात. पाने तीच, हातही तितकेच. फरक पडला तो केवळ निर्णयाचा. जोडी स्पर्धेतही हेच तत्त्व असते. तेथे तीच पाने अनेक टेबलांवर फिरतात आणि त्याच बाजूने ती खेळलेल्या इतर किती जोड्यांना आपण मागे टाकले, यावर गुण ठरतात. तेव्हा वाईट पाने आली म्हणून हळहळण्याचे कारण उरत नाही. त्या वाईट पानांवर इतरांपेक्षा कमी नुकसान सोसणे हाही विजयच ठरतो.

खेळताना जे अंदाज बांधावे लागतात, तेही आंधळे नसतात. हुकमाची चार पाने प्रतिस्पर्ध्यांकडे असतील तर ती दोन-दोन अशी विभागलेली असण्याचा संभव अधिक, असे कोणासही वाटेल. गणित मात्र सांगते की तीन-एक अशी विभागणी शंभरात सुमारे पन्नास वेळा आणि दोन-दोन अशी सुमारे एक्केचाळीस वेळाच होते. शाळेत संभाव्यता शिकविणाऱ्या शिक्षकांना याहून चांगले उदाहरण क्वचितच सापडेल. पण चांगला खेळाडू एवढ्या गणितावर थांबत नाही. कोणी कोणती बोली केली, कोण कुठे गप्प राहिला, कोणते पान आधी टाकले, या खुणांवरून तो न दिसणारी पाने जवळजवळ वाचत जातो.

बोलीची मर्यादा

पस्तीस बोल्या आणि पास, डबल व रिडबल मिळून ब्रिजच्या भाषेत अवघे अडतीस शब्द आहेत. भिडूशी एवढ्याच शब्दांत बोलायचे. स्पर्धेत तेही मुखाने उच्चारायचे नसतात, तर छापील कार्ड टेबलावर ठेवून दाखवायचे असतात. एक्क्याचे चार, राजाचे तीन, राणीचे दोन व गुलामाचा एक असे गुण धरून बहुतेक खेळाडू आपल्या पानांचे मोल ठरवितात आणि दोघांचे मिळून साधारण पंचवीस गुण आहेत की नाहीत, याचा शोध या तुटपुंज्या शब्दसंग्रहातून घेतात. त्यासाठी जोड्या विशिष्ट बोलींना विशिष्ट अर्थ ठरवून देतात. मात्र हे संकेत गुप्त ठेवता येत नाहीत. ते लेखी नोंदवून प्रतिस्पर्ध्यांना उपलब्ध करून द्यावे लागतात, आणि अमुक बोलीचा अर्थ काय असे प्रतिस्पर्ध्याने विचारल्यास खरे उत्तर देणे बंधनकारक असते.

याहून कठीण नियम वेगळाच आहे. समजा, भिडूने बराच वेळ विचार केला आणि अखेर ‘पास’ दिला. त्याच्याजवळ बोली करावी की न करावी अशी काठावरची पाने आहेत, हे त्या विलंबावरून आपल्याला न सांगता कळते. नियम असा की, हे कळूनही न कळल्यासारखे वागायचे. आपल्यापुढे दोन वाजवी पर्याय असतील, तर त्या विलंबाने सुचविलेला पर्याय आपण निवडता कामा नये. विचार करणे गैर नाही. त्या विचारातून भिडूने लाभ उठविणे गैर. तसे घडल्याचे प्रतिस्पर्ध्यांना वाटल्यास ते स्पर्धेच्या निर्णायकाला बोलावितात आणि तो आवश्यक तर गुण बदलून देतो. अशा वेळी कोणावर लबाडीचा ठपका येत नाही व कोणी तो मनाला लावूनही घेऊ नये, असा संकेत आहे. नवख्या खेळाडूला हा नियम जाचक वाटतो खरा. परंतु तो काढून टाकला, तर उसासा, भुवई आणि पानांवर टिचकी हे अडतिसांच्या पलीकडचे शब्द होऊन बसतील.

हे भय काल्पनिक नाही. १९६५ साली ब्वेनोस आयरिस येथील जागतिक स्पर्धेत ब्रिटनच्या टेरेन्स रीस व बोरिस शपिरो या ख्यातनाम जोडीवर असा आरोप आला की, पाने धरलेल्या बोटांच्या संख्येवरून ते आपल्याकडील बदामाच्या पानांची संख्या भिडूला कळवितात. जागतिक महासंघाने त्यांना दोषी मानले. लंडनमध्ये सर जॉन फॉस्टर यांच्या अध्यक्षतेखाली महिनोन्‌महिने स्वतंत्र चौकशी चालली आणि १९६६ मध्ये, पुराव्यावरून दोष निःसंशय सिद्ध होत नाही, असा निर्णय आला. एकाच घटनेवर दोन सन्मान्य मंडळांनी परस्परविरोधी निष्कर्ष काढले आणि ब्रिजजगतातील तो वाद दोघांच्या हयातीत मिटला नाही.

त्यानंतर उपाय शोधले गेले. १९७५ साली बर्म्युडा येथील स्पर्धेत टेबलावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरका पडदा प्रथम वापरण्यात आला. भिडूला भिडू दिसू नये, हा उद्देश. त्याच स्पर्धेत इटलीच्या एका जोडीतील खेळाडू टेबलाखालून पायाने भिडूचा पाय दाबतो असे दिसून आले. जोडीला कडक शब्दांत समज मिळाली आणि टेबलाखालीही अडसर घालण्यात आला. खेदाची गोष्ट ही की, स्पर्धा जिंकणाऱ्या इटलीच्या त्या विजयावर कायमचे सावट पडले. वास्तविक इटलीच्या ‘ब्लू टीम’ने १९५७ पासून जवळजवळ दोन दशके जग जिंकले होते. जॉर्जो बेल्लादोन्ना याच्या नावावर तर सोळा जागतिक विजेतेपदे आहेत. या संघाला हरविता यावे एवढ्यासाठी अमेरिकेतील आयरा कॉर्न या उद्योगपतीने १९६८ मध्ये निवडक तरुण खेळाडूंना वेतन देऊन ‘डॅलस एसेस’ हा संघ उभारला. पूर्णवेळ सराव करणाऱ्या या संघाने १९७० आणि १९७१ चे जागतिक अजिंक्यपद मिळविले. तेव्हापासून ब्रिजमध्ये व्यवसाय आला, पुरस्कर्त्यांचा पैसा आला आणि जिंकण्याचे मोलही वाढले.

पडदे आले तरी प्रश्न संपला नाही. २०१५ साली नॉर्वेच्या बोये ब्रोगेलांड याने आपल्याच पूर्वीच्या संघातील एका इस्रायली जोडीवर उघड आरोप केला आणि तिच्यासह मिळविलेली विजेतेपदे सोडून देण्याची तयारी दर्शविली. जगभरच्या खेळाडूंनी सामन्यांची चित्रमुद्रणे तासन्‌तास तपासली. पानांची पेटी टेबलावर कोणत्या जागी ठेवली जाते, टाकलेले पान उभे ठेवले की आडवे, यांत काही सुसंगती आढळते का, हे पाहिले गेले. आणखी जोड्यांवरही संशय आला. त्याच वर्षी जागतिक अजिंक्यपद स्पर्धा आपल्या चेन्नईत भरली होती. इस्रायल, जर्मनी व मोनॅको यांच्या संघांनी माघार घेतली. पोलंडच्या एका जोडीला प्रवेश नाकारण्यात आला आणि उरलेल्या खेळाडूंनिशी पोलंडने ‘बर्म्युडा बाउल’ जिंकला. पुढे एका जोडीवर युरोपीय संघटनेने घातलेली बंदी २०१८ मध्ये क्रीडा लवादाने पुराव्याअभावी रद्द केली, हेही नोंदविले पाहिजे. खेळाडूंनीच आपल्या खेळाची झाडाझडती घ्यावी, असे प्रसंग इतर खेळांत फारसे आढळत नाहीत.

कायदा आणि क्रीडा

पंचायत सदस्यांना व अधिकाऱ्यांना पडणारा प्रश्न अधिक व्यावहारिक असतो : हा जुगार आहे काय? सिकंदराबादच्या एका क्लबातील रमीच्या खटल्यात २२ नोव्हेंबर १९६७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरविला. रमीतील दैवाचा भाग हा ब्रिजमधील वाटपातल्या दैवाच्याच जातीचा आहे, असे न्यायालयाने तेव्हा म्हटले. म्हणजे ब्रिजचे कौशल्य गृहीतच धरले होते. महाराष्ट्रात लागू असलेल्या १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्यातही केवळ कौशल्याच्या खेळांना वगळणारे कलम आहे. अर्थात, खेळाच्या आडून जुगार चालत असेल किंवा जागेचा मालक त्यातून नफा काढत असेल, तर गुन्हा घडू शकतो, हेही त्याच निकालात स्पष्ट केले आहे.

ब्रिज हा क्रीडाप्रकार आहे काय, यावर मात्र एकमत नाही. शारीरिक हालचाल नगण्य असल्याने करसवलतीच्या दृष्टीने तो क्रीडा ठरत नाही, असा निर्णय युरोपीय न्यायालयाने २०१७ साली दिला. आशियाने निराळी वाट धरली. जकार्ता येथे भारताला सुवर्णाबरोबरच पुरुष व मिश्र सांघिक गटांत कांस्यपदके मिळाली. मिश्र संघात मुंबईच्या हेमा देवरा होत्या. पुढे २०२३ मध्ये हांगचौ येथे भारताच्या पुरुष संघाने अंतिम सामन्यात हाँगकाँगकडून पराभूत होऊन रौप्यपदक मिळविले. पन्नाशी-साठी ओलांडलेल्या स्त्री-पुरुषांनी देशासाठी पदक आणावे, असा दुसरा खेळ चटकन आठवत नाही.

शाळांतून हा खेळ सुरू करावयाचा तर बोलीपासून आरंभ करण्याची गरज नाही. त्यासाठी ‘मिनीब्रिज’ नावाचे सोपे रूप प्रचारात आहे. चारही मुलांनी आपापल्या पानांचे गुण मोजून मोठ्याने सांगावयाचे. बेरीज चाळीस व्हायलाच हवी. न झाल्यास कोणाचे तरी मोजणे चुकले आहे. ज्या जोडीचे गुण अधिक, तिच्यातील अधिक गुणांच्या मुलाने डाव खेळावयाचा आणि भिडूची पाने उघडी मांडून घेऊन मगच हुकूम व उद्दिष्ट ठरवावयाचे. दोन्ही बाजूंचे वीस-वीस गुण झाल्यास पाने पुन्हा वाटावी. पेट्या विकत घेण्याचेही कारण नाही. प्रत्येकाने टाकलेली पाने गोळा न करता आपल्याच पुढ्यात ठेवली आणि डाव संपल्यावर ती उत्तर, पूर्व, दक्षिण, पश्चिम अशी नावे घातलेल्या चार लिफाफ्यांत भरली, की तोच डाव शेजारच्या बाकावरील चौघांना खेळावयास देता येतो.