एफआयआर झाला, पुढे काय? जामिनाच्या सुनावणीकडे लक्ष ठेवा

नांदेडजवळ बोंढार हवेली येथे जून २०२३ मध्ये भीमजयंती साजरी केल्याच्या रागातून एका बौद्ध तरुणाचा खून केल्याचा गुन्हा दाखल झाला. अशा वेळी सगळा समाज पोलीस ठाण्यावर जमतो. गुन्हा नोंदला की गर्दी पांगते, आणि खटला मात्र तिथूनच सुरू होतो.

नांदेड असो वा लातूर, रीत एकच. ॲट्रॉसिटीचा गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशी लागत नाही, हे कलम १८-अ सांगते. त्यामुळे ‘आधी चौकशी करतो’ हे उत्तर मान्य करू नका. एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते. ठाण्याने नकार दिला, तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार करा. तपास डीवायएसपी किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो.

अटकपूर्व जामिनाला कलम १८ आड येते. अटकेनंतरच्या जामिनाला नाही. नेमके इथेच आपण गाफील राहतो. कलम १५-अ नुसार जामिनाच्या सुनावणीची सूचना पीडित कुटुंबाला मिळालीच पाहिजे, त्यांचे म्हणणे ऐकलेच पाहिजे. २०२१ साली हरिराम भांभी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे बंधनकारक ठरवले आणि कुटुंबाला न ऐकता दिलेला जामीन रद्द केला.

पण सूचना घरी यावी आणि घरचे ऊसतोडीला गेलेले असावेत, हेही मराठवाड्यातच घडते. म्हणून गावात राहणाऱ्या एका जबाबदार माणसाचा पत्ता आणि फोन तपास अधिकाऱ्याला लेखी द्या, पोच घ्या. साक्षीदारांना धमक्या येत असतील, तर त्याचा अर्ज त्याच सुनावणीत वकिलामार्फत द्या.