लोह आहे, पण लागत नाही

चिखली-मेहकरकडे पावसाची झड लागली की सोयाबीन पिवळं पडतं. शेंड्याचं कोवळं पान पाहा: शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा. काळ्या मातीत लोह भरपूर असतं. पण चुनखडी आणि साचलेलं पाणी यांमुळे ते मुळांना उचलता येत नाही. वाफसा आल्यावर 0.5 टक्के फेरस सल्फेट फवारलं की पान हिरवं होऊ लागतं.

पीक पिवळं पडलं की आपण फवारणीला धावतो; घरातल्या बाईला मात्र रक्त कमी होऊन धाप लागली तरी कुणी लगेच धावत नाही, याचं वाईट वाटतं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के स्त्रियांत रक्त कमी आढळलं. लोहाची कमतरता हे त्याचं मोठं कारण. भाजीतलं लोहही सहज अंगी लागत नाही. वर लिंबू पिळावं. जेवणावर लगेच चहा नको.